प्रकल्प नोंदी: हापूसच्या मागणीची ईमेल पावती, देवगड

सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५

देवगड तालुक्यातील एका आंबा बागायतदारांच्या संकेतस्थळावर हापूसच्या पेट्यांची आगाऊ मागणी नोंदवण्याचा फॉर्म मी जानेवारीत बसवून दिला होता. ग्राहकाने फॉर्म भरला की मागणी डेटाबेसमध्ये जाते, ग्राहकाला ईमेलने पावती जाते आणि तिची प्रत बागेच्या मालकांना, म्हणजे आम्ही सगळे ज्यांना अण्णा म्हणतो त्यांना, मिळते, अशी रचना आहे. आज सकाळी अण्णांचा फोन आला. गेल्या आठवड्यात एकवीस मागण्या आल्या असून डेटाबेसमध्ये त्या सर्व व्यवस्थित दिसतात. परंतु मुंबई-पुण्याच्या सहा ग्राहकांनी पावती न मिळाल्याचे त्यांना कळवले आहे. स्क्रिप्टच्या नोंदवहीत मात्र एकवीसही पावत्यांसमोर ‘पाठवली’ असेच लिहिलेले आहे. हे मी सांगताच अण्णा म्हणाले, “तुझो कंप्युटर म्हणता धाडली, गिऱ्हाईक म्हणता गावली नाय. मग ती मधी खंय रवली?”

तपासाची दिशा यापेक्षा नेमक्या शब्दांत मलाही मांडता आली नसती, म्हणून हे वाक्य येथे जसेच्या तसे नोंदवून ठेवतो.

स्क्रिप्ट पीएचपीची असून पावती त्या भाषेच्या अंगभूत मेल फंक्शनने जाते. हे फंक्शन स्वतः कोणत्याही दूरच्या सर्व्हरशी बोलत नाही. लिनक्सवर ते संदेश त्याच यंत्रावरील सेंडमेल नावाच्या किंवा त्याच्यासारख्या प्रोग्रॅमच्या हवाली करते आणि त्याने तो ठेवून घेतला की ‘खरे’ असे उत्तर परत देते. पेटी ट्रकवाल्याकडे दिल्यावर आपल्याला बिल्टी मिळते, पण त्या बिल्टीवरून माल वाशीला उतरला असे कोणी समजत नाही. माझ्या नोंदवहीने मात्र बिल्टीलाच पोच मानले होते. ही चूक माझी आहे आणि ती जानेवारीतच लक्षात यायला हवी होती.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

न पोहोचलेली पत्रे परत कोठे येतात, हे आज प्रथम शोधले. ईमेलवर पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात: एक वाचणाऱ्याला दिसणारा, म्हणजे पत्राच्या आतल्या मथळ्यावरचा, आणि दुसरा पाकिटावरचा, ज्याच्याकडे अडलेले पत्र परत पाठवले जाते. मेल फंक्शनला पाकिटावरचा पत्ता वेगळा सांगितला नाही, तर बहुधा वेबसर्व्हरवरील खात्याचे नाव आणि त्या यंत्राचे नाव मिळून तयार झालेला पत्ता तेथे लागतो. या खात्याची टपालपेटी आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. ती उघडली तेव्हा आत परत आलेली नऊ पत्रे पडून होती, त्यांतील सर्वांत जुने दहा दिवसांपूर्वीचे.

नऊपैकी सात पत्रांवर ५५० हा संकेतांक आणि त्यापुढे ५.७.२६ हा विस्तारित संकेतांक आहे. पाचने सुरू होणारा संकेतांक कायमचा नकार दर्शवतो, ५.७.२६ चा अर्थ असा की पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या एकाहून अधिक तपासण्या नापास झाल्या. पाकिटावर वेबसर्व्हरच्या यंत्राचे नाव, आत बागेच्या डोमेनचे नाव आणि दोहोंचा संबंध सिद्ध करणारी सही कोठेच नाही, असे पत्र स्वीकारणाऱ्याने परत केले तर त्यात त्याला दोष देता येणार नाही. जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून हे नियम कडक केले असून, दिवसाला पाच हजारांहून कमी पत्रे पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ (पाठवण्याची मुभा असलेल्या सर्व्हरांची जाहीर यादी) किंवा डीकेआयएम (पत्रावरील डिजिटल सही) यांपैकी निदान एक असणे जीमेलने आवश्यक केले आहे. उरलेल्या दोन पत्रांत ग्राहकांनीच पत्ता चुकीचा लिहिला होता.

निर्णय: मेल फंक्शन सोडून द्यायचे आणि बागेच्या डोमेनची टपालपेटी ज्या मेल सर्व्हरवर आहे, त्याच्यामार्फतच लॉगिन करून एसएमटीपीने, म्हणजे ईमेल पाठवण्याच्या मानक पद्धतीने, पत्रे पाठवायची. त्यासाठी पीएचपीमेलर ही तयार कोडची लायब्ररी वापरणार आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

लायब्ररी बसवली. मेलसेवेच्या जुन्या माहितीपत्रकात पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरील क्रमांकित दार, २५ दिलेला होता, तोच भरला. स्क्रिप्ट बराच वेळ थांबून राहिली आणि शेवटी जोडणीची मुदत संपल्याचा त्रुटी क्रमांक ११० आला. १११, म्हणजे जोडणी नाकारली, असा क्रमांक आला असता तर पलीकडचे यंत्र सापडले पण त्या दारावर कोणी ऐकत नाही असा अर्थ निघाला असता. ११० मध्ये पलीकडून काहीच उत्तर येत नाही, आणि असे बहुतेक वेळा वाटेतल्या फायरवॉलने जोडणीचे डेटा-पॅकेट गुपचूप टाकून दिल्यामुळे होते. घरच्या लॅपटॉपवरून त्याच सर्व्हरचा ५८७ हा पोर्ट लगेच जोडला गेला, वेबसर्व्हरवरूनही ५८७ जोडला गेला, आणि वेबसर्व्हरवरून २५ मात्र जगातील कोणत्याही सर्व्हरकडे जाईना.

पोर्ट २५ हा १९८२ साली एसएमटीपीचे मानक लिहिले गेले तेव्हापासूनचा असून आज तो मुख्यतः एका मेल सर्व्हरने दुसऱ्याशी बोलण्यासाठी वापरला जातो. स्पॅम रोखण्यासाठी भाड्याच्या सर्व्हरांवरून बाहेर जाणारा हा रस्ता अनेक ठिकाणी बंदच ठेवतात. स्वतःचे पत्र आपल्या मेल सर्व्हरकडे सुपूर्द करण्यासाठी ५८७ किंवा ४६५ वापरावा, म्हणून यापुढे ५८७.

शनिवार, २२ फेब्रुवारी

पोर्ट बदलला, पण कूटबद्धतेच्या रकान्यात जुनेच ‘एसएसएल’ राहिले होते, त्यामुळे ‘आवृत्ती क्रमांक चुकीचा’ अशी ओपनएसएसएल या कूटबद्धतेच्या साधनाची तक्रार आली. या तक्रारीचा आवृत्तीशी काहीही संबंध नसतो, तरी तिच्यामुळे तासभर मी पीएचपीच्या आवृत्त्या चाळत बसलो. प्रत्यक्षात घडते ते असे: ४६५ वर जोडणी होताच पहिल्या अक्षरापासून संभाषण कूटबद्ध असते, तर ५८७ वर सर्व्हर आधी साध्या अक्षरांत २२० म्हणून स्वागत करतो, एहलो या आज्ञेला उत्तर देतो आणि मग स्टार्टटीएलएस या आज्ञेनंतर संभाषण कूटबद्ध होते. मी ५८७ वर थेट कूटबद्ध बोलायला सुरुवात केल्यामुळे ते साधे स्वागतच लायब्ररीने टीएलएसची, म्हणजे कूटबद्ध संभाषणाची, नोंद समजून वाचले, आणि जेथे आवृत्ती असायला हवी तेथे भलतीच अक्षरे सापडली. रकान्यात स्टार्टटीएलएस भरताच ही त्रुटी गेली.

लगेच दुसरी आली: सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रावरील नाव जुळत नाही. मी सर्व्हरचे नाव म्हणून बागेच्या डोमेनचे मेल हे उपनाव दिले होते, जे डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरील नावांच्या नोंदवहीत, मेलसेवेच्या सर्व्हरकडे बोट दाखवते; प्रमाणपत्र अर्थातच मेलसेवेच्या स्वतःच्या नावाचे आहे. पीएचपी ५.६ पासून, म्हणजे २०१४ पासून, ही पडताळणी मुळातच चालू असते. ती बंद करण्याच्या तीन ओळी सर्वत्र सल्ला म्हणून दिलेल्या आढळतात आणि त्या घातल्या की पत्र जातेही. परंतु पडताळणीविना आपण पासवर्ड नेमका कोणाच्या हाती देत आहोत हे कळत नाही, आणि लॉगिनच्या वेळी तो पासवर्ड ज्या बेस६४ रूपात जातो ते निव्वळ लिप्यंतर आहे, कुलूप नव्हे. म्हणून त्या ओळी न घालता सर्व्हरचे खरे नाव भरले. काम झाले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आता जोडणी होते, कूटबद्धता होते आणि लॉगिनवर ५३५ ५.७.८ येतो, म्हणजे ओळख अमान्य. तोच पासवर्ड ब्राउझरमधून चालतो. मेलसेवेच्या मदतकक्षाने पासवर्ड बदलून पाहा एवढेच सांगितले. तो बदलला आणि तरी ५३५ कायम राहिला.

मध्ये कोणीच नको म्हणून टर्मिनलवरून ओपनएसएसएलच्या साहाय्याने सर्व्हरशी हातानेच बोलायचे ठरवले. एहलो म्हटल्यावर सर्व्हरने आपल्या सोयींची यादी दिली; ऑथ लॉगिन म्हटल्यावर ३३४ आणि त्यापुढे बेस६४ मध्ये वापरकर्त्याचे नाव विचारले, नंतर तशाच रीतीने पासवर्ड. तरीही ५३५. येथे माझी एक चूक सापडली: पासवर्डचे बेस६४ रूप करताना मी एको ही आज्ञा साधी वापरली होती, आणि ती शेवटी नव्या ओळीचे एक अदृश्य चिन्ह जोडते, जे पासवर्डचा भाग बनून जाते. ते टाळल्यावर २३५ आला, म्हणजे लॉगिन मान्य. पुढे प्राप्तकर्त्याची आज्ञा मोठ्या लिपीतील आर या अक्षराने सुरू करताच पत्राऐवजी टीएलएसच्या फेरवाटाघाटीचा संदेश पडद्यावर आला; ओळीच्या आरंभी मोठा आर दिसला की हे साधन ती स्वतःला दिलेली आज्ञा समजते आणि मोठा क्यू दिसला की बंद होते. आज्ञा लहान लिपीत लिहिल्यावर २५०, मग मजकुरासाठी ३५४, आणि शेवटी एकट्या पूर्णबिंदूनंतर पुन्हा २५०. हाताने पाठवलेले पत्र दोन मिनिटांत माझ्या पेटीत आले.

म्हणजे सर्व्हर बरोबर, पासवर्ड बरोबर आणि चूक माझ्या स्क्रिप्टमध्ये. पासवर्डमध्ये डॉलरचे चिन्ह आहे आणि मी तो दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिला होता. पीएचपी दुहेरी अवतरणातील डॉलर आणि त्यापुढील अक्षरे चलाचे नाव समजते, असे चल नसल्यास त्या जागी काहीच ठेवत नाही आणि इशारा देते. तो इशारा मी पडद्यावर दिसू नये म्हणून पूर्वीच बंद केला होता. अकरा अक्षरांचा पासवर्ड सर्व्हरकडे पाचच अक्षरांचा जात होता. एकेरी अवतरण केले आणि दोन दिवसांचे कोडे दोन चिन्हांत सुटले. नवा पासवर्ड घेतानाही त्यात डॉलर आलाच होता, हा योगायोग मात्र खास.

पासवर्ड स्क्रिप्टमधून काढून संकेतस्थळाच्या सार्वजनिक फोल्डरबाहेरील फाइलमध्ये ठेवला.

बुधवार, २६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. कुणकेश्वरची यात्रा असल्यामुळे किनाऱ्यावर मोबाइलचे नेटवर्क नावालाच होते. काम झाले नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

पावत्या आता परत येत नाहीत, पण माझ्या चाचणीच्या तीन पेट्यांपैकी दोहोंत त्या स्पॅममध्ये पडतात. पत्राचा मूळ मजकूर उघडून स्वीकारणाऱ्या सर्व्हरने लिहिलेला ओळखतपासणीचा मथळा वाचला: एसपीएफसमोर कायमची त्रुटी, डीकेआयएमसमोर ‘नाही’.

एसपीएफ म्हणजे आपल्या डोमेनच्या नावाने पत्रे पाठवण्याची मुभा कोणत्या सर्व्हरांना आहे, हे डीएनएसमध्ये जाहीर करणारी ओळ. बागेच्या डोमेनवर अशा दोन ओळी होत्या, एक वेबसर्व्हर घेतेवेळी आपोआप पडलेली आणि दुसरी मेलसेवा घेताना मी घातलेली. मुभा दुप्पट झाली असे वाटले तरी नियम असा आहे की एका नावावर एकच एसपीएफ नोंद असावी. दोन सापडल्या तर तपासणारा दोन्ही बाजूला ठेवून कायमची त्रुटी लिहितो. दोन्ही मिळून एक ओळ केली. तपासताना होणाऱ्या डीएनएस विचारणांची संख्याही दहाच्या आत असावी लागते. आपली चारवर थांबते.

डीकेआयएमची २०४८ बिटांची सार्वजनिक किल्ली मेलसेवेच्या पानावरून घेऊन डीएनएसच्या रकान्यात चिकटवली. सही तरीही जुळेना. डीएनएसमधील मजकुराच्या एका तुकड्यात २५५ पेक्षा अधिक बाइट मावत नाहीत आणि एवढ्या मोठ्या किल्लीला त्याहून जास्त जागा लागते. आमच्या डीएनएसच्या पानाने पुढचा भाग न सांगता कापून टाकला होता. एकाच नोंदीत दोन अवतरणांत दोन तुकडे करून भरल्यावर ती पूर्ण दिसू लागली. नोंदीची मुदत १४४०० सेकंद, म्हणजे चार तास आहे आणि तोपर्यंत जुनीच नोंद दिसू शकते, तेव्हा आज यापुढे चाचणी करण्यात अर्थ नाही.

सोमवार, ३ मार्च

एसपीएफ उत्तीर्ण, डीकेआयएम उत्तीर्ण. ग्राहकांची पावती तिन्ही पेट्यांत मुख्य जागी आली, परंतु अण्णांना जाणारी प्रत अजून स्पॅममध्येच. तीत पाठवणारा म्हणून मी ग्राहकाचाच पत्ता घातला होता, जेणेकरून अण्णांनी उत्तराचे बटण दाबले की ते थेट ग्राहकाला जावे. सोयीसाठी केलेली ही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या तोतयेगिरी आहे: ग्राहकाच्या मेलसेवेच्या नावाने, तिच्या परवानगीशिवाय, आमचा सर्व्हर पत्र पाठवतो. डीमार्क हे धोरण याच गोष्टीकडे पाहते. वाचणाऱ्याला दिसणारे डोमेन आणि एसपीएफ किंवा डीकेआयएमने सिद्ध झालेले डोमेन यांचा मेळ बसला नाही, तर त्या डोमेनच्या मालकाने सांगितल्याप्रमाणे पत्राची वासलात लावली जाते. याहूने एप्रिल २०१४ मध्ये असे पत्र सरळ नाकारावे असे धोरण जाहीर केले, तेव्हापासून ही युक्ती चालेनाशी झालेली आहे. पाठवणारा म्हणून बागेचाच पत्ता ठेवला आणि ग्राहकाचा पत्ता उत्तरासाठीच्या वेगळ्या मथळ्यात घातला. अण्णांच्या बटणाला काहीच फरक पडला नाही.

बागेच्या डोमेनसाठीही डीमार्कची नोंद केली. धोरण सध्या ‘काहीही करू नका, फक्त अहवाल पाठवा’ असे ठेवले आहे.

बुधवार, ५ मार्च

पुण्याच्या एका ग्राहकाने पडद्याचे छायाचित्र पाठवले. विषयाच्या ओळीत ‘हापूस मागणीची पावती’ याऐवजी ‘हापूस मागणीची पा’, मग दोन काळे चौकोन, मग ‘ती’ असे दिसते. आतला मजकूर मात्र शुद्ध आहे, कारण अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याचे मी लायब्ररीला सुरुवातीलाच सांगितले होते. न सांगितल्यास ती आयएसओ-८८५९-१ धरून चालते आणि सगळी देवनागरी चिन्हांचा खच होऊन जाते.

नेमका ‘व’च का फुटावा, याचे उत्तर मोजणीत सापडले. ईमेलचा मथळा पारंपरिक नियमाने साध्या इंग्रजी अक्षरांतच जावा लागतो, म्हणून देवनागरी विषय बेस६४ मध्ये बदलून विशिष्ट चिन्हांच्या कोंदणात बसवतात. असा एक तुकडा ७५ चिन्हांपेक्षा मोठा नसावा. कोंदणालाच १२ चिन्हे लागतात. उरलेल्या ६३ मध्ये बेस६४ चे चारचे गट बसवले की ६० चिन्हे मिळतात, म्हणजे मूळचे ४५ बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-वेलांटीसह, तीन बाइटांचे असते, त्यामुळे ४५ बाइटांत बरोबर पंधरा चिन्हे मावतात आणि काहीच फुटत नाही. मोकळी जागा मात्र एकाच बाइटाची. ‘हापूस’चे १५, एक जागा, ‘मागणीची’चे २१, पुन्हा एक जागा, असे ३८ झाले, उरलेल्या सातांत ‘प’ आणि काना यांचे सहा गेले आणि ‘व’चा एकच बाइट पहिल्या तुकड्यात आला, बाकीचे दोन दुसऱ्यात. नियमाप्रमाणे प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे वाचता आला पाहिजे, म्हणून वाचणाऱ्याने दोन्ही बाजूंचे अर्धवट बाइट चौकोन म्हणून दाखवले.

लायब्ररी हे काम नीट करते. तुकडे पाडणारे फंक्शन मी जानेवारीत मेल फंक्शनसाठी स्वतः लिहिले होते आणि ते तसेच मध्ये राहून गेले होते. चाचणीसाठी त्या वेळी मी ‘नमस्कार’ हा एकच शब्द वापरला होता, ज्यात जागा नाही आणि जो एका तुकड्यातच मावतो. ते फंक्शन काढून टाकले.

शनिवार, ८ मार्च

पहिल्या पेट्या निघू लागल्यामुळे मागण्या वाढल्या आणि नवा दोष दिसला: काही मागण्या दोनदा नोंदल्या जातात. ‘मागणी नोंदवा’ हे बटण दाबल्यावर स्क्रिप्ट मेल सर्व्हरशी संभाषण पूर्ण होईपर्यंत पान अडवून ठेवते. सर्व्हर संथ असेल तर ग्राहक कंटाळून पुन्हा बटण दाबतो, आणि पाच डझनांची एक पेटी हवी असताना दोन लिहिल्या जातात. लायब्ररी मुळात पाच मिनिटांपर्यंत वाट पाहते, हे मी तपासलेच नव्हते.

रचना बदलली. फॉर्म आता पावती फक्त एका तक्त्यात रांगेला लावतो आणि पान लगेच मोकळे करतो. दर पाच मिनिटांनी क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणाऱ्या सर्व्हरवरील सोयीने, चालणारी दुसरी स्क्रिप्ट रांगेतील पत्रे पाठवते. चारने सुरू होणारा संकेतांक किंवा तुटलेली जोडणी आली तर पत्र रांगेत राहून वाढत्या अंतराने पुन्हा प्रयत्न होतो. पाचने सुरू होणारा आला तर पुन्हा प्रयत्न न करता सर्व्हरचे शब्दशः उत्तर तक्त्यात लिहिले जाते. ‘पाठवली’ हा शब्द तक्त्यातून काढून ‘सर्व्हरने घेतली’ असा केला. पाकिटावरचा पत्ता बागेच्या डोमेनवरील एका खास पेटीचा केला असून ती अण्णांच्या फोनवर जोडून दिली. एक फेरी संपण्याआधी दुसरी सुरू होऊन तेच पत्र दोनदा जाऊ नये म्हणून फाइलचे कुलूप लावले.

सकाळी सातला अण्णांना येणारा दिवसाच्या मागण्यांचा गोषवारा दुपारी साडेबाराला आला, कारण सर्व्हरचे घड्याळ जागतिक वेळेवर आहे. तोपर्यंत अण्णा काढणी आटोपून घरी जेवायला बसलेले असतात. क्रॉनमध्ये वेळ जागतिक घड्याळाच्या रात्री दीड वाजताची, म्हणजे आपल्या सकाळी सातची, केली.

गुरुवार, १३ मार्च

होळीचा दिवस, पण अण्णांचा फोन आला की “एक चिठी परत इली.” फोनवर आलेले पत्र त्यांनी मला पुढे पाठवले: ग्राहकाने पत्त्याच्या शेवटी ‘कॉम’ऐवजी ‘कॉन’ लिहिले होते आणि असे डोमेनच नसल्यामुळे पत्र चार मिनिटांत परत आले. अण्णांनी मागणीतला फोन नंबर काढून ग्राहकाला स्वतःच विचारले, बरोबर पत्ता लिहून घेतला आणि मला दिला. फॉर्ममध्ये पत्त्याच्या डोमेनला टपाल घेणारा सर्व्हर आहे का, हे आधीच डीएनएसमधून तपासणारी ओळ घातली; नावात चूक असेल तर ती नेहमी पकडली जाईल असे नाही, पण ‘कॉन’सारखी पकडली जाईल.

सोमवार, १७ मार्च

डीमार्कचे दोन आठवड्यांचे अहवाल वाचले. ते एक्सएमएलमध्ये असतात आणि डोळ्यांनी वाचण्याजोगे नसतात, म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहून आयपी पत्त्यांनुसार बेरीज केली. बहुतेक सर्व पत्रे मेलसेवेच्या सर्व्हरवरून, दोन्ही तपासण्या उत्तीर्ण. अकरा पत्रे मात्र वेबसर्व्हरच्या आयपीवरून, डीकेआयएमविना. शोधल्यावर कळले की ‘संपर्क’ पानावरचा फॉर्म मी बदललाच नव्हता आणि तो अजूनही जुन्या मेल फंक्शननेच पत्रे धाडत आहे. तोही रांगेला जोडला. पुढील दोन आठवड्यांत त्या आयपीवरून एकही पत्र दिसले नाही, तर एसपीएफमधून वेबसर्व्हरचे नाव काढायचे आणि डीमार्कचे धोरण एक पायरी कडक करायचे आहे.